"सर, एलेव्हेशन जरा हेवी पाहिजे"

कोल्हापुरात अठरा वर्षं घरांचे नकाशे काढतोय. निम्म्या कामांची पहिली बैठक याच वाक्यानं सुरू होते. एलेव्हेशन म्हणजे घराचा दर्शनी भाग. हेवी म्हणजे काय, असं विचारलं की मोबाईल पुढं येतो. त्यात कमानी, काळा दगड, मधेच निळी काच. "न्यू पॅलेससारखा टच द्या की!"

न्यू पॅलेस हा कोल्हापूरच्या छत्रपतींचा राजवाडा, 1877 ते 1884 या काळात बांधला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आपला टाऊन हॉलही त्यांचाच. तिथं काळा घडीव दगड हीच भिंत आहे. आपण विटेच्या भिंतीवर इंचभर जाडीची दगडी फरशी चिकटवतो. कमानीच्या डोक्यावर आत आरसीसीचा बीम असतोच, भार तोच घेतो, कमान बिचारी नुसती लोंबकळते. असो, हौसेला मोल नसतं.

मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच घरांचं. राजारामपुरी, टाकाळा, ताराबाई पार्कात साठ-सत्तरच्या दशकातले बंगले अजून थोडे शिल्लक आहेत. एकदा थांबून वर बघा. खिडकीवर दोन फुटी छज्जा, कधी चारी बाजूंनी सिमेंटची चौकट. पन्नासच्या दशकात ल कॉर्बुझिएनं चंदीगडला काँक्रीटचे खोल आडोसे करून ऊन अडवलं, त्याचीच ही धाकटी भावंडं म्हणायची. छताखाली झरोके, जिन्याला जाळी. आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर रुंद खाच. पाणी त्या खाचेशी तुटतं आणि खाली टपकतं, भिंतीकडं येत नाही. एवढ्याशा खाचेला खर्च काय? गवंड्याची लाकडी पट्टी आणि थोडा धीर.

असल्याच एका बंगल्याचं नूतनीकरण आठ वर्षांपूर्वी माझ्याकडं आलं. मालक म्हणाले, "हे छज्जे लई जुनाट दिसत्यात, काढून टाका." मी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा गप्प बसलो. नवीन ऑफिसचे हप्ते चालू होते. ब्रेकर लावून छज्जे कापले, दर्शनी भाग सपाट केला, वर एसीपी शीट, म्हणजे ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे. फोटो झकास आले, मीही ते इथंच टाकले होते.

जुलैत गगनबावड्याकडनं चार दिवस झड लागली. मला बोलावणं आलं. कपाट सरकवलेलं, मागचा गिलावा फुगलेला. मालकांच्या आई काही बोलल्या नाहीत आधी. भिंतीला बोट लावलं आणि ओलं बोट माझ्यापुढं धरलं. "आमच्या सासऱ्यांनी बांधल्यापासनं ही भिंत कधी भिजली न्हवती, बाळ." काय उत्तर देणार?

केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं, तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, होतं तस्संच उभं करा. मीही म्हणत होतो. मग स्वतःच्या घराची पाळी आली की आपल्याला 'तसं' म्हणजे फक्त कमान का आठवते? झरोका का नाही, छज्जा का नाही? आणि नकाशा काढणारे आम्ही तरी कुठं अडून बसतो?

त्या बंगल्यावरनं परवा गेलो. वॉटरप्रूफिंग दोनदा करून झालंय. आता एसीपीवर, प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर, निळ्या पत्र्याची शेड ठोकलीय. बरोबर दोन फुटांची.