चावून घेण्याआधी हद्द तपासा

भटकं कुत्रं चावणं हा आता नागरी जीवनाचा भाग झालाय, तेव्हा तो प्रसंग नीट पार पाडायला शिकलं पाहिजे. माझ्या डाव्या पोटरीवर चार दात उमटलेत, म्हणजे सल्ला द्यायचा अधिकार मला पोचतो.

कुत्रं अंगावर आलं की आधी आपण कुठल्या प्रभागात उभे आहोत ते बघा. आमच्या गल्लीच्या मधोमध हद्द जाते. डाव्या अंगाला चावलं तर एक क्षेत्रीय कार्यालय, उजव्या अंगाला दुसरं. दोन्हीकडून 'तिकडे जा' ऐकायचं असेल तर मधोमध चावून घ्या.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. (हा सल्ला खरा आहे. नळाला पाणी असेल तर.)

तक्रार मात्र ॲपवरच करा. मी मार्चमध्येच केली होती, चावायच्या दोन महिने आधी. डीपीजवळची तांबडी कुत्री गाभण दिसत होती. दोन्ही कान शाबूत, खाच नाही, म्हणजे नसबंदी झालेली नाही एवढं मलासुद्धा कळतं. लिहिलं, आत्ता एक आहे तोवर न्या. तक्रार घनकचऱ्याकडे गेली. का, ते विचारू नका. तिथून उद्यान विभागाकडे, कारण डीपी बागेच्या भिंतीला टेकून आहे. तिथून पशुवैद्यकीयकडे. मग एका दुपारी मेसेज: 'सदर ठिकाणी श्वान आढळून आले नाही. तक्रार निकाली.' सोबत पुराव्याचा फोटो. फोटोत रिक्षा आहे आणि रिक्षाखालून तांबडी शेपटी बाहेर आलीय! शेपटीभोवती लाल गोल काढून मी तक्रार पुन्हा उघडली. ती आणखी लवकर निकाली निघाली. कुत्रीला व्यायला नऊ आठवडे लागतात, त्यातले पाच तिने आधीच काढले होते. ती वेळेत व्याली. पाच पिल्लं. मग मे महिन्यात गाडी आली, खरंच आली. जाळीवाले दोघं उतरले, वाकून पाहिलं, म्हणाले, 'आता नेता येत नाही काका, पिल्लं अंगावर पितायत.' पण रिकामी गाडी कशी न्यायची? म्हणून वाण्याच्या ओट्यावर झोपलेला, कानाला खाच असलेला म्हातारा मोत्या उचलला. चौथ्या दिवशी परत आणून सोडला. कुठल्यातरी वहीत एक आकडा नक्की वाढला असणार.

पालिकेशी भांडण्यापेक्षा बिस्किटं घालणाऱ्या शेजारणीशी भांडा. ती घरी सापडते.

सरकारी दवाखान्यात लस आहे का विचारून थांबू नका, सिरमही (खोल जखमेत टोचतात ते तयार प्रतिपिंडांचं औषध) विचारा. मला लस मिळाली. सिरम 'संपलंय, मोठ्या दवाखान्यात जा.' रात्री साडेअकराला, एका पायावर.

आणि साहेब म्हणाले, 'आमचे हात बांधलेत हो, उचललेलं कुत्रं तिथंच सोडायचा कायदा आहे,' तर मान डोलवा. मीही डोलवली. घरी येऊन नियम वाचले आणि डोकं फिरलं.

कोणी बांधले हात? प्राणी जन्म नियंत्रणाचे 2001 चे नियम घ्या नाहीतर 2023 चे घ्या. नसबंदी करा, लस टोचा, आणि मग जागेवर सोडा. तुम्ही पहिली दोन कामं गाळून तिसरं तेवढं पाळता! ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं, वर पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका म्हणाले. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं मोकळी करा, तिथली परत सोडू नका म्हणाले. यात काम करू नका असं कुठल्या ओळीत लिहिलंय? निविदा संपली की नसबंदी बंद, नवी निघेपर्यंत दोन वेतं होऊन जातात, आणि उरलेली कुत्री जन्माला घातल्याचा दोष कोर्टाला. लाज नाही वाटत?

त्या तांबडीवर माझा राग नाही. मी अंधारात चपला फटफटवत तिच्या पिल्लांपाशी गेलो. खांबावरचा दिवा बंद होता. त्याचीही तक्रार निकाली आहे.

उद्या माझा अठ्ठाविसावा दिवस, शेवटचं इंजेक्शन. पाचांतल्या तीन माद्या आहेत. हाताशी चार-सहा महिने आहेत तुमच्या. फोटो काढायला येऊ नका, जाळी घेऊन या. आणि मोत्याला हात लावू नका.