कागदावरचे चार तास

गेल्या महिन्यात आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसती वादावादी चाललेली. निमित्त काय, तर माझ्या चुलतभावाच्या मुलाचं ग्रामीण डाकसेवकाच्या यादीत नाव लागलं. परीक्षा नाही, मुलाखत नाही, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं, आणि याचे मार्क चांगले होते, पुढे बीकॉमही झालाय. गाव आमच्यापासून लांब नाही, मालवण तालुक्यातच, आचऱ्याच्या खाडीच्या बाजूला. मग सुरू झालं. एक म्हणाला पोस्टात चिकटला, सुटला. दुसरा म्हणाला बीकॉम होऊन चार तासांची नोकरी, त्यापेक्षा मुंबईक जा. तिसऱ्याचं म्हणणं की आता पत्रं लिहितो कोण, पोस्टच बंद करा आणि पैसे वाचवा. आणि एकाने, तो वयाने मोठा आहे म्हणून मी तिथे काही बोलले नाही, लिहिलं की "चारच तासांचं काम आहे ना, मग दहा हजार काय कमी आहेत?"

ते शेवटचं वाक्य मला लागलं, कारण दोन वर्षांपूर्वी मीपण अगदी हेच लिहिलं असतं. आता नाही लिहिणार, आणि का ते सांगायलाच हे सगळं टाइप करतेय.

मी नेदरलँड्समध्ये राहते. नवऱ्याची इकडे नोकरी, त्याच्या व्हिसावर मला काम करायची परवानगी आहे, पण भाषा येत नाही म्हटल्यावर कुडाळला केलेलं अकाउंट्सचं काम इथे कुणी देईना. वर्षभर घरात बसले. मग टपाल वाटणाऱ्या एका कंपनीत अर्ज केला (नाव घेत नाही, त्याची गरजही नाही) आणि त्यांनी घेतलं. करार किमान तासांचा. म्हंजे आठवड्याला १० तास नक्की देणार, त्याच्या वर २० पर्यंत काम असेल तसं. इथे याला मिन-मॅक्स म्हणतात. पगार कायद्याने ठरलेल्या किमान दराच्या जरासा वर, तासाला साधारण १४-१५ युरो. तुम्ही लगेच रुपयात गुणाकार कराल म्हणून सांगते, महिन्याचा आरोग्यविमाच दीडशे युरोच्या वर जातो आणि तो सक्तीचा आहे, घरभाडं तर बोलायलाच नको. नवऱ्याचा पगार नसता तर या करारावर माझी एक खोलीसुद्धा चालली नसती.

काम काय, तर पत्रं मशीनवर रस्त्याच्या क्रमाने लागून येतात, ती डेपोतून घ्यायची, सायकलच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या पिशव्यांत भरायची आणि निघायचं. ऐकायला सोपं. पण भरलेली सायकल वाऱ्यात उभी करून बघा एकदा. इथली पत्रपेटी म्हंजे बहुतेक घरांच्या दारातच आडवी फट, आतून स्प्रिंगचं झाकण आणि थंडी येऊ नये म्हणून ब्रश. पातळ पाकीट त्या ब्रशात दुमडतं, मग दोन बोटं आत घालून ढकलावं लागतं, झाकण बोटांवर आपटतं. पहिल्या आठवड्यात माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नखाखाली सोललेली होती. शिवाय पेट्यांवर स्टिकर असतात, जाहिराती नको, फुकटचं वर्तमानपत्रही नको, किंवा जाहिराती नको पण पेपर चालेल, आणि ते प्रत्येक दारावर वाचून मगच टाकायचं. फ्लॅटच्या इमारती त्यातल्या त्यात बऱ्या, सगळ्या पेट्या खाली एकत्र असतात.

आणि आता मुद्दा. माझ्या वाटेला, म्हंजे त्या ठरलेल्या रूटला, कॉम्प्युटरने वेळ लावलेली होती २ तास ४० मिनिटं. मला पहिल्या दिवशी लागले ४ तास १० मिनिटं. वाटलं नवीन आहे, होईल. तिसऱ्या आठवड्यात सगळी दारं पाठ झाली तरी ३ तास २० च्या खाली काही येईना, आणि पगार मात्र २ तास ४० चा. डेपोत माझ्यासोबत एक पोलंडची बाई आहे, पन्नाशीची, तिने मला बाजूला घेतलं आणि मोडक्या इंग्रजीत एवढंच सांगितलं की वही घाल. निघाले कधी, पहिलं दार कधी, शेवटचं कधी, पाऊस होता का, जाडजूड मासिकांचा दिवस होता का, सगळं लिही. मी लिहिलं. सहा आठवडे रोज. मग ती वही घेऊन सुपरवायझरकडे गेले, तो काही खूश झाला नाही, पण माणूस पाठवून रूट परत मोजून घेतला आणि ३५ मिनिटं वाढवली. मागच्या सहा आठवड्यांचे पैसे काही मिळाले नाहीत, आणि त्याचा मला आजही राग आहे.

पण वही दाखवायला जागा होती, हे मला फार मोठं वाटतं. इथे कायदा आहे की असं गरजेप्रमाणे बोलवायचं असेल तर निदान चार दिवस आधी सांगायचं, आयत्या वेळी सांगितलंत तर मी नाही म्हणू शकते. असं वेळ ठरलेली नसताना बोलावलं की काम एक तासाचं निघालं तरी तीन तासांचे पैसे. बारा महिने झाले की गेल्या वर्षात सरासरी जेवढे तास भरले तेवढ्या पक्क्या तासांचा करार मालकाने पुढे करायचाच. हे २०२० पासून. आणि अर्धवेळ आहे म्हणून पूर्णवेळवाल्यापेक्षा खालची वागणूक द्यायची नाही हे तर १९९६ पासून. रजा तासांच्या हिशोबाने मिळते, सुट्टीचा ८ टक्के भत्ता मिळतो. सगळं आदर्श आहे असं मुळीच नाही, वर सांगितलंच, पण इथे अर्धवेळ काम करणं हे कमीपणाचं कुणी मानत नाही, युरोपात सगळ्यात जास्त अर्धवेळ माणसं याच देशात आहेत.

आता आपल्याकडे या. माझे काका पोस्टात होते. तेव्हा ग्रामीण डाकसेवक हे नाव नव्हतं, ईडी म्हणायचे, एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. म्हंजे खात्याचे पण खात्याबाहेरचे. नाव बदललं २००१ साली, पण गोष्ट तीच राहिली. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की यांची जागा सिव्हिल पोस्ट, म्हंजे सरकारी पदच आहे, त्यामुळे असं सहज उठवून काढता येत नाही, हे चांगलं झालं, पण नियमित नोकर काही केलं नाही. खात्याच्या पोस्टमनसारखी पेन्शन नाही. ६५ ला घरी. आणि नियमात स्पष्ट लिहिलंय की माणसाकडे पोटापाण्याचं दुसरं साधन पाहिजे, ब्रँच पोस्टमास्तर असेल तर ऑफिसला जागासुद्धा त्यानेच द्यायची. मला पूर्वी हा नियम विचित्र वाटायचा. आता वाटतं निदान आपल्याकडे उघड लिहिलंय, इथे कुणी लिहीत नाही, पण माझा १० तासांचा करारही घरात दुसरा पगार आहे हे धरूनच केलेला असतो.

काकांचे तास कागदावर चार. सकाळच्या एसटीतून टपालाची थैली यायची, ती उघडून, शिक्के मारून, लावून काका निघायचे. तीन वाड्या. त्यातल्या एका वाडीला जायला व्हाळ, म्हंजे ओढा, ओलांडावा लागायचा, वर माडाच्या दोन खोडांचा साकव, पावसात शेवाळ धरलेला. तो साकव एका आषाढात वाहून गेला तर काका पुढचा दीड महिना वरच्या अंगाने, सडा म्हंजे कातळाचा माळ चढून उतरून जायचे. त्या वाडीत पत्र असो एक किंवा दहा. गणपतीच्या आधी तर मुंबईच्या मनिऑर्डरींचा नुसता ढीग. अख्खं कोकण तेव्हा मनिऑर्डरवर चालायचं असं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, पैसे दोनदा मोजून द्यायचे, फॉर्मच्या तळाशी मुलाने लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायच्या, उत्तरही बहुतेक वेळा काकांनीच लिहायचं. घरी यायला दुपारचे तीन व्हायचे, कधी चार. हे वरचे तास कुठल्या कागदावर होते? कुठल्याच नाही. आणि आम्ही घरातलेसुद्धा म्हणायचो की काकांना काय, चार तासांची नोकरी. मीपण म्हणायचे. ही माझी चूक होती.

एक गोष्ट सांगते. कुणी गेल्याचं पत्र असलं की पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, जुन्या लोकांना माहीत असेल. थैलीत असं कार्ड निघालं की काका ते बाकीच्या गठ्ठ्यात ठेवायचे नाहीत, वेगळं वरच्या खिशात. त्या घरी गेल्यावर आधी शेजारच्या घरातून कुणाला तरी बोलवायचे, मग ओसरीवर बसायचे, पाणी मागायचे, आणि मग सांगायचे. त्याला अर्धा तास जायचा. इथेपण मृत्यूच्या पत्राला वेगळी पाकिटं असतात, कडेला राखाडी रंग, तिकीटही त्यासाठीचं वेगळं. इथे सोमवारी साधं टपाल वाटत नाहीत, पण ही पाकिटं आणि दवाखान्याची पत्रं सोमवारीसुद्धा पोचवतात. पहिलं असं पाकीट हातात आलं तेव्हा माझा हात आपोआप वरच्या खिशाकडे गेला. मग फटीतून आत टाकलं आणि पुढच्या दाराला गेले. इथे ते तसंच करायचं असतं. त्या घराची बेल मी वाजवली नाही याची रुखरुख मात्र संध्याकाळपर्यंत राहिली.

जे म्हणतात पोस्टच बंद करा, त्यांना सांगते की डेन्मार्कने केलं. १६२४ पासून चाललेली सरकारी पत्रसेवा २०२५ च्या डिसेंबरअखेर थांबवली, लाल पेट्यासुद्धा काढल्या. पण तिथे बँक, दवाखाना, सरकार सगळं लोकांच्या मोबाईलवर आलेलं आहे, तरी म्हाताऱ्यांची तक्रार आहेच. आपल्या वाडीत नेटवर्क बघायला माणूस गडग्यावर चढतो. २०२४ ला लाडकी बहीणच्या वेळी पोस्टात खाती उघडायला कोण रांगेत होतं? याच ग्रुपवरच्यांच्या आया आणि काकवा. ज्या आजीला तालुक्याला जायला दीडशे रुपये रिक्षाला लागतात तिला डाकसेवक दारात मशीन आणून अंगठ्यावर पैसे काढून देतो. २०२५ ला रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवलं तेव्हा सगळ्यांनी हळहळून स्टेटस ठेवले, पण पोचवणाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द नाही. पिनकोड ही पद्धत ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातलेच, १९७२ ची गोष्ट, त्याचा आपल्याला अभिमान आहे. मग त्या पिनकोडचं टपाल घेऊन सडा चढणाऱ्या मुलाचाही थोडा असू दे.

आणि मुंबईक जा म्हणणाऱ्यांना. कमी तासांची नोकरी वाईट असं मला आता वाटतच नाही. उलट कोकणाला तर हीच फिट बसते. आपलं घर कधी एका कमाईवर चाललंय? थोडी आंब्याची कलमं, थोडी मासळी, मे महिन्यात दोन खोल्या पर्यटकांना, आणि त्यात एक ठाम महिन्याचा पगार. पुतण्याची ५० कलमं आहेत, फवारणी सकाळी लवकर, मार्च-एप्रिलला उतरवणी. चार तास खरोखर चारच असतील तर हा मुलगा गावात राहू शकतो, लग्न करू शकतो. चार तासांना मूळ १०,०००, पाच तासांना १२,०००, हे २०१८ पासूनचे दर, त्यावर महागाई भत्ता, गावात राहून हे वाईट नाही. पण ते चार सात झाले, वर खाती उघडायचं टार्गेट, विम्याचं टार्गेट, बाईकचं पेट्रोल, मग कलमं कोण बघणार? तेव्हा भांडायचं असेल तर दहा हजार पुरे की कमी यावर भांडू नका, तास कोण मोजतो यावर भांडा. रूट कुणीतरी चालून मोजलेला असला पाहिजे, पावसाळ्यात वेगळा मोजला पाहिजे, आणि वरचा वेळ झाला तर तो लिहायला रकाना पाहिजे.

काका आता ७८ चे आहेत. मी टपाल वाटते हे कळल्यावर फोनवर आधी गप्पच झाले, मग म्हणाले, "गो बाय, थंय जावन पण टपालच वाटतंस?" आवाजावरून कळलं की बरं वाटलंय. मग नीट चौकशी, सायकल कसली, कुत्रे आहेत का, पाऊस किती. वहीचं सांगितलं तर म्हणाले हे आमका तेवा कोणी सांगूक नाय.

त्यांनीच पुतण्याला सांगितलं. तो रुजू झाला मागच्या सोमवारी, आणि पहिल्या दिवशी रात्री मला शंभर पानी वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आला. आत्या, बघ बरोबर आहे का, म्हणून. निघालो ९.१०. थैली उशिरा, १०.२५. पहिली वाडी ११.०५. एका आजींचे पैसे काढताना मशीन चालेना, २० मिनिटं. रस्त्याचं काम, फिरून गेलो. ऑफिसला परत २.५०, हिशोब बंद ३.४०. त्याच्या खाली त्याने रेघ मारून बेरीज केलेली: ६ तास ३० मिनिटं. मी त्याला लिहिलं, बरोबर आहे, उद्याचंपण लिही.