टाळू पडत नाही, बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं

‘डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक मेसेज नव्या आयांच्या ग्रुपांवर फिरतोय. बाळाच्या टाळूविषयी, म्हणजे डोक्यावरच्या त्या मऊ जागेविषयी, सहा मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि कमळ. असलं काही आलं की मी एरवी वाचतही नाही. हा वाचला, कारण भाचीने तो मला पाठवला तेव्हा तिच्या पाच महिन्यांच्या लेकाला सकाळपासून जुलाब होत होते. खाली तिने विचारलं होतं, ‘मावशी, ह्याची टाळू खोल गेल्यासारखी वाटतेय. चौथा मुद्दा करून बघू का?’

तर आधी चौथाच घेते. ‘टाळू पडली की बाळाला जुलाब लागतात, ते दूध ओढत नाही. बोटाला मध लावून तोंडात वरच्या बाजूला दाब द्या. मग पायांना धरून उलटं करा, तळव्यांवर तीन चापट्या मारा. टाळू जागेवर येते.’

एवढ्याशा मजकुरात बाळाला इजा करायचे तीन मार्ग सांगून झाले! मुळात कारण आणि परिणाम यांचीच अदलाबदल केली आहे. टाळू खोल गेल्यामुळे जुलाब लागत नाहीत, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की टाळू खोल जाते. कपाळाच्या हाडाचे दोन भाग आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंची दोन हाडं जिथे भेटतात, तिथे जन्माच्या वेळी हाड तयार झालेलं नसतं, चिवट पडदा असतो. त्याखाली द्रवात तरंगणारा मेंदू. शरीरातलं पाणी कमी झालं की आतला दाब उतरतो आणि पडदा आत ओढला जातो. तोंडातून बोट घालून तो वर ढकलता येईल असं वाटणाऱ्याने एवढंच सांगावं, की मधलं नाक आणि अख्खा मेंदू ओलांडून बोट तिथवर पोचणार कसं?

मधाचं तर विचारूच नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाही नसतो. त्यात बोट्युलिझम ही विषबाधा करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते पचतात, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात त्यांचं विष तयार होऊन अंग लुळं पडू शकतं.

आणि ते उलटं धरणं. मेक्सिकोत आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन कुटुंबांत हाच समज, हाच उपाय पूर्वापार आहे. तिकडे त्याला ‘काइदा दे मोयेरा’ म्हणतात. म्हणजे ‘फक्त आपल्या पूर्वजांना ठाऊक असलेलं ज्ञान’ हा मेसेजमधला दावाही गेला. 1972 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात याच उपायावर एक लेख आला. बाळाला उलटं धरून हलवल्यामुळे मेंदूच्या आवरणाखाली झालेल्या रक्तस्रावाबद्दल तो होता, आणि लेखकांनी या प्रकाराची गणती मुलांना होणाऱ्या मारहाणीत केली होती. पन्नासहून जास्त वर्षं झाली याला.

भाचीला मी मेसेज लिहीत बसले नाही. फोन केला आणि तसंच दवाखान्यात जायला सांगितलं. बाळ सुस्त असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी कमी झाली असेल, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जात असेल, तर घरात प्रयोग करायची ही वेळ नव्हे. वाटेत अंगावर पाजत राहायचं. ओआरएस द्यायचं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून, चमच्याने. 2025 पर्यंत दुकानात जवळपास त्याच नावाने मिळणाऱ्या गोड पेयांचे डबे हे ओआरएस नव्हे, हेही जाता जाता.

एक गोष्ट मात्र मानते. टाळूकडे लक्ष ठेवा असं आपल्या आज्या सांगत आल्या ते बरोबरच होतं. फक्त बघायची तर बाळ शांत असताना, उभं धरून बघा. तेव्हा किंचित खोलगट दिसणं नेहमीचं असतं.

आता बाकीचे मुद्दे. पहिला: ‘टाळू हा मेंदूचा उघडा दरवाजा आहे, तेल थेट मेंदूत उतरतं आणि बुद्धी तल्लख होते.’ उघडं तिथे काहीच नाही. कातडी आहे, तिच्याखाली तो पडदा, खाली मेंदूची आवरणं. यातला अर्धा दाणा खरा आहे, तो नाइलाजाने देते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांना करडईचं आणि खोबरेल तेल चोळून पाहिलं. तेलातली स्निग्धाम्लं रक्तात उतरलेली दिसली. 2005 साली ते ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये छापून आलंय. पण ती अंगाच्या कातडीतून रक्तात गेली होती. टाळूतून मेंदूत नव्हे, आणि बुद्धीचा तर त्यात विषयच नव्हता. मालिश करा, बाळाला छान झोप लागते. टाळूवर बोटभर तेलही लावा. वाटी ओतून थापू नका, आणि खपल्या धरल्या असतील तर तेल लावून ठेवून न देता धुऊन काढा.

दुसरा: ‘रोज टाळू भरली नाही तर ती भरून येत नाही.’ इथे ‘अमेरिकन फॅमिली फिजिशियन’मधला 2003 सालचा लेख पुरेसा आहे. पुढची टाळू 12 महिन्यांपर्यंत 38 टक्के बाळांची बंद झालेली असते, 24 महिन्यांपर्यंत 96 टक्के. मागची, लहान, साधारण दोन महिन्यांतच. हाडं वाढतात म्हणून ती बंद होते. फारच रेंगाळली तर थायरॉइड, मुडदूस अशा गोष्टी तपासाव्या लागतात; तेलाची बाटली बदलून भागत नाही.

तिसरा: ‘टाळू उडते म्हणजे नजर लागली.’ ते नाडीचे ठोके आहेत. मात्र शांत बाळाची टाळू फुगून टणक झाली असेल आणि सोबत ताप असेल, तर मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नका, इस्पितळ गाठा. मेंदूज्वर असू शकतो.

पाचवा: ‘टाळूला डॉक्टरलाही हात लावू देऊ नका, मशीन तर मुळीच नको.’ प्रसूतीच्या वेळी बाळाचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे बोटाने चाचपून ओळखतात ते याच खुणांवरून: पुढची टाळू शंकरपाळ्याच्या आकाराची, मागची त्रिकोणी. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झालाय का, हे याच फटीवर सोनोग्राफीचं टोक ठेवून बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीशेजारीच बघता येतं. त्यात क्ष-किरण नसतात, भूल लागत नाही. हाडातून त्या लहरी नीट जात नाहीत, टाळूतून जातात. ती भरून आली की हा सोपा मार्ग बंद होतो आणि मग सीटी नाहीतर एमआरआय. डॉक्टरांना तिथे हात लावू न देणं म्हणजे सगळ्यात सोपी तपासणी आपणच नाकारणं.

सहावा मुद्दा मेसेज वीस जणींना पाठवण्याविषयी आहे.