अडीच सूत म्हणजे आठ एमएम नव्हे

जुन्या बुलेटवाल्यांत एक सल्ला कायम फिरत असतो: "इंची नटबोल्ट आता मिळत नाहीत. सगळे काढा, स्टेनलेसचे मेट्रिक (एमएमच्या मापाचे) टाका. अडीच सुती म्हणजे आठ एमएमच, अडलं तर टॅप फिरवून नवे आटे पाडा. गंजाची कटकट कायमची मिटते." यातलं एकही वाक्य पूर्ण खरं नाही. (जावा-येझदी मुळातच मेट्रिक, त्यामुळे त्या गाड्या या वादात नाहीत.)

आधी अडीच सुती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून अडीच सूत ५/१६ इंच. ते होतं ७.९४ मिमी, व्हर्नियरला आठच वाटतं. पण इंची आट्यांच्या जुन्या ब्रिटिश पद्धती वेगवेगळ्या: ५/१६ ला बीएसएफमध्ये इंचाला २२ आटे, सायकल थ्रेडमध्ये २६, व्हिटवर्थमध्ये १८. एम८ चा, म्हणजे आठ एमएमच्या मेट्रिक बोल्टचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी, म्हणजे इंचाला जेमतेम २०. बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे पाना लावून रेटलं, की क्रँककेसच्या ॲल्युमिनियमचे आटे गेले.

दोन सुतीचा मामला त्याहून फसवा. १/४ बीएसएफला इंचाला २६ आटे, एम६ ला २५.४. त्यामुळे एम६ हाताने शेवटपर्यंत गोड फिरतो. फक्त जाडीला तो ०.३५ मिमी कमी असतो, आटे टोकाटोकाला टेकतात. डोकं धरून हलवा, पूर्ण आत गेलेला बोल्टही डुलतो. घट्ट करताना शेवटच्या पाव फेऱ्यात हाताला एकदम सैल लागतं. मग उरतं ते भोक.

टॅप फिरवणं तर सर्वांत वाईट. जुन्या आट्यांवर वेगळ्या पिचचे आटे आडवे कापले जातात आणि मध्ये पातळ कंगोरे उरतात. ते पहिल्याच कसण्याला तुटतात. आटे गेलेच असतील तर मूळ मापाचं हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा.

मिळत नाहीत म्हणावं, तर बीएसएफ आणि सायकल थ्रेडचे बोल्ट आजही विकले जातात. टर्नरकडून करून घेत असाल तर माप सांगताना आट्यांचा कोनही सांगा: बीएसएफ आणि व्हिटवर्थ ५५ अंश, सायकल थ्रेड ६०. १/४ ला बीएसएफ आणि सायकल दोन्ही २६ आट्यांचे, म्हणून नुसतं आटे मोजून कळत नाही, थ्रेड गेज (आट्यांचा आकार जुळवून बघायची पट्टी) लावावाच लागतो.

स्टेनलेसला सहजी गंज लागत नाही हे खरं, पण बाजारात सर्रास मिळणारा ए२-७० ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कल ताणाला कायमचा लांबू लागतो, ८.८ ग्रेडचा पोलादी बोल्ट ६४० ला. मडगार्ड, नंबरप्लेटला खुशाल लावा. ॲक्सल, ब्रेकचा टॉर्क आर्म, इंजिन माउंटिंग, हेडचे स्टड इथे नको. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट भरभर फिरवला तर आटे एकमेकांना चिकटतात आणि काढताना बोल्टच तुटतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियममधल्या स्टेनलेस स्टडभोवती पांढरी भुकटी दिसते. तो केसचा धातू खाल्ला जात असतो. लावायचाच असेल तर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून.

मूळ बोल्टांवर बरेचदा कॅडमियमचा मंद रुपेरी थर असे. त्याजागी चकचकीत झिंक डोळ्याला खुपतं, मॅट झिंक करून घ्या. जुना थर मात्र वायरब्रशने घासू नका, कॅडमियमची धूळ विषारी असते.

आणि पाना. ५/१६ बीएसएफच्या डोक्याचं माप १३.३ मिमी. तेराचा पाना चढत नाही, चौदाचा सैल बसतो. लागतो तो १/४ व्हिटवर्थचा, त्यावरचा आकडा तोंडाचा नव्हे, बोल्टच्या जाडीचा असतो. "खराब झालेत" म्हणून जे बोल्ट फेकले जातात, त्यांचे कोपरे बहुतेकदा या चौदाच्याच पान्याने गेलेले असतात.