‘शोधता आलं की झालं’ हे खरं नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "मुलांच्या डोक्यात माहिती भरण्याची आता गरज नाही. गुगलवर शोधता आलं की झालं. मेंदूच बदललाय, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." यातलं एकही वाक्य टिकत नाही.

"माहिती भरण्याची गरज नाही." सोयाबीन पिवळं पडलंय आणि कुणी ‘सोयाबीन पिवळे पडणे उपाय’ एवढंच टाकलं, तर पिवळा मोझॅक, लोहाची कमतरता, नत्राची कमतरता, साचलेलं पाणी, सगळं एकदमच समोर येतं, मधूनमधून औषधांच्या जाहिरातीही. लोह कमी असेल तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. मोझॅकमध्ये पानांवर हिरवे-पिवळे चट्टे दिसतात. हे ज्याला ठाऊक आहे तो आधी पान नीट बघेल, उलटून पांढरी माशी शोधेल आणि मग नेमकं तेवढंच गुगलला विचारेल. मोझॅक हा विषाणूजन्य रोग, पांढरी माशी तो पसरवते. त्यावर हिराकस (लोहाची कमतरता भरून काढणारं फेरस सल्फेट) फवारून पैसे जातील, रोग जाणार नाही. उत्तर नेटवर आहेच हो, पण प्रश्न नेमका विचारायला आधी डोक्यात काहीतरी असावं लागतं.

"शोधता आलं की झालं." स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थी, इतिहासकार आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना एकाच कामाला बसवलं. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या साइट होत्या: एक १९३० पासूनची मोठी मान्यवर संस्था, दुसरी तिच्यातून २००२ मध्ये फुटलेला छोटा गट. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना दुसरीच अधिक विश्वासार्ह वाटली. इतिहासकारांपैकीही बरेच जण ठाम सांगू शकले नाहीत. तपासनीस मात्र साइट वाचत बसले नाहीत. नवे टॅब उघडून या संस्थांबद्दल इतर काय म्हणतात ते त्यांनी पाहिलं. गुगल रोज सगळेच वापरतात, ही सवय मात्र शिकवावीच लागते.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." हा रोख बहुधा ‘सायन्स’ या शोधपत्रिकेतल्या २०११ च्या अभ्यासाकडे आहे. माहिती कॉम्प्युटरवर साठवली जाणार असं सांगितलं की ती कमी लक्षात राहते, एवढं त्यात दिसलं. मेंदू बदलल्याचं त्यात कुठेही नाही. शिवाय त्यातल्याच दुसऱ्या एका प्रयोगाची फेरतपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या प्रयोगाचा आधीचा निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही.

मेसेजात जे नाही ते मला जास्त काळजीचं वाटतं. येल विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगांत ‘झिप कशी चालते’ यासारखे प्रश्न नेटवर शोधलेल्या लोकांना, न शोधलेल्या भलत्याच विषयांतही आपल्याला जास्त कळतं असं वाटू लागलं.

घोकंपट्टी नको, हे मलाही मान्य. पण धडा वाचून, पुस्तक बंद करून आठवून लिहिणं ही घोकंपट्टी नव्हे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की असं करणाऱ्यांना आठवड्यानंतर, पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा जास्त आठवतं. तेव्हा मुलानं फोन उचलण्याआधी त्याला आठवतंय तेवढं सांगू द्या, मग खुशाल शोधू द्या.