परदेशातून : गाडी तिकडचीच ठेवा, पट्टा इकडचा घ्या

हॅम्बुर्गच्या दुकानात ‘टेम्पो’ मागितला तर कागदी रुमालांचं पाकीट हातात पडतं. कोल्हापूरकरांना टेम्पो म्हणजे काय हे सांगायला नको, पण तो शब्द इथलाच आहे. याच शहराच्या हारबुर्ग भागात विडाल यांचा टेम्पो नावाचा मोटार कारखाना होता. हान्झेआट ही तीनचाकी आणि मॅटॅडोर ही व्हॅन ही त्यांचीच नावं. १९५८ मध्ये त्यांच्या परवान्यावर भारतात बजाज टेम्पो सुरू झाली आणि एका कंपनीचं नाव आपल्याकडं प्रत्येक छोट्या मालगाडीला चिकटलं. इकडे तो कारखाना आधी हानोमाग आणि मग डाइमलर-बेंझच्या पोटात गेला, नाव पुसलं गेलं. पुढं १९८७ ला आलेली ट्रॅव्हलरसुद्धा ब्रेमेनच्या मर्सिडीज व्हॅनवरूनच उतरलेली. जर्मनीतून ती व्हॅन १९९५ ला गेली. कोल्हापुरात वऱ्हाड आणि वादक आजही तिच्यातूनच हिंडतात.

हे सांगायचं कारण, गावाकडं सध्या चाललेला वाद. तालीम मंडळाचं ढोल पथक असो, भजनी मंडळ असो की लग्नाचा ऑर्केस्ट्रा, प्रश्न तोच : ओम्नी आता थकली, नवी गाडी कुठली घ्यायची? त्यावर हमखास दोन मतं येतात. एक म्हणतं, चार मीटरच्या आतली उंच एसयूव्ही घ्या, जरा वजन पडतं. दुसरं म्हणतं, परदेशात बघा, प्रत्येक बँडची स्वतःची व्हॅन असते, तशी घ्या. दोन्ही मतं सामान न मोजता दिलेली आहेत.

आधी उंच गाडीचं. डिकीचे लिटर हा आकडा वाद्यांसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. डिझायरची डिकी ३८२ लिटर आणि वॅगन आरची ३४१, म्हणजे कागदावर डिझायर मोठी. पण डिझायरची मागची सीट पडत नाही आणि डिकीचं तोंड बुटकं. त्यामुळं पंधरा इंची स्पीकर, जो साधारण ७० सेंटिमीटर उंच आणि ४० ते ४५ रुंद असतो, तो तोंडातच अडतो. वॅगन आरमध्ये सीट पाडून तसे दोन आडवे जातात. खरेदीला जाताना टेप घेऊन जावी आणि चार मापं घ्यावीत : मागच्या दाराच्या तोंडाची रुंदी आणि उंची, दोन चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर, सीट पाडल्यावर सपाट लांबी, आणि जमिनीपासून उंबऱ्याची उंची. यातलं शेवटचं कुणीच बघत नाही. पंचवीस किलोचा स्पीकर गुडघ्यापर्यंत उचलणं आणि मांडीच्या वर उचलून आत ढकलणं यातला फरक रात्री दीडला कार्यक्रम संपल्यावर कंबरेला कळतो. उंच एसयूव्हीत उंबरा वर, छत उतरतं आणि मागची काच तिरकी. बाहेरून ऐसपैस, आत हार्मोनियमच्या दोन पेट्या ठेवल्या की संपलं.

मीरजेचा मोठा तंबोरा पाच फुटांच्या आसपास भरतो. तो सपाट झोपला पाहिजे, भोपळ्याखाली चुंबळ पाहिजे आणि त्याच्यावर काही येता कामा नये. भोपळ्याची साल पातळ असते. खड्ड्यात वरची बॅग एकदा आपटली की तडा. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवायचा असेल तर तारा थोड्या सैल कराव्यात.

इकडं जर्मनीत या कामाची गाडी म्हणजे कॉम्बी, आपण स्टेशन वॅगन म्हणतो ती. स्कोडाच्या ऑक्टाविया कॉम्बीत सीट पाडल्यावर सतराशे लिटरची सपाट जागा मिळते, तीही साध्या मोटारीच्या उंचीवर. मग भारतात ही का नाही? येऊन गेली. १९९२ ला टाटा इस्टेट आली, नंतर बलेनो अल्टुरा, ओपेल कोर्सा स्विंग, २००४ ला इंडिगो मरीना. एकही टिकली नाही. लोक दिसण्याला नावं ठेवतात, पण त्यानंतर नवी न येण्याचं मोठं कारण करात आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या गाडीला सवलत आहे. सप्टेंबर २०२५ च्या नव्या जीएसटीतही चार मीटरच्या आतली लहान इंजिनची गाडी १८ टक्क्यांत बसते, मोठी ४० मध्ये. ऑक्टाविया कॉम्बी ४.६९ मीटरची. आपल्याकडच्या गाडीची लांबी अशी करानं ठरते, आणि कापायची वेळ आली की कात्री डिकीवर चालते. बाय द वे, इकडंही हवा एसयूव्हीचीच आहे. फोक्सवॅगनची पासाट युरोपात आता फक्त कॉम्बी रूपात मिळते, पण रस्त्यावर दिसतात त्या उंच गाड्याच. तेव्हा जर्मन माणूस शहाणा आणि आपण हौशी, असं काही नाही.

आता ‘प्रत्येक बँडची व्हॅन’. इथं व्हॅन असते कारण छोटा हत्ती, म्हणजे भाड्याचा टाटा एस, नसतो. गंगावेशीत किंवा उद्यमनगरच्या कोपऱ्यावर जाऊन ‘गाडी काढ रे, मंगल कार्यालयावर जायचंय’ म्हटलं की चालकासकट गाडी दारात, ही सोय हॅम्बुर्गमध्ये पैसे देऊनही सहज मिळत नाही. व्हॅन भाड्यानं घ्या, स्वतः चालवा, स्वतः भरा, तिसऱ्या मजल्यावर स्वतः चढवा, इंधन भरून वेळेत परत द्या. त्यात परवान्याची गंमत. साध्या बी परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, तेही एकूण वजन धरून. स्प्रिंटर रिकामीच सव्वादोन टनांच्या पुढं असते. सात माणसं, त्यांची सामानं आणि बेसचे मोठे स्पीकर भरले की काटा ओलांडला. ज्यांनी १९९९ च्या आधी परवाना काढला त्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा आहे, म्हणून इथल्या बँडमध्ये एखादा पिकल्या केसांचा वादक नुसत्या परवान्यासाठीही हवाहवासा असतो. भारतात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय : एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, परवान्यावर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. वर्षातले पंधरा-वीस कार्यक्रम असतील तर स्वतःची मोठी गाडी घेऊन दारात उभी करणं हा शुद्ध तोटा आहे. नाजूक सामान आणि माणसं मारुतीच्या ईकोत, अवजड सामान भाड्याच्या हौद्यात, एवढा हिशेब पुरतो.

ईकोच का, तर सरकती दारं, सपाट फरशी आणि मागच्या चाकांना ओढ. महाद्वार रोडवर दोन रिक्षांच्या मधे उभी राहूनही तिचं बाजूचं दार पूर्ण उघडतं. इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळं तबला-डग्गा पुढच्या सीटमागं अगदी चिकटवून ठेवू नये. लांबच्या चढावर ती जागा तापते आणि शाई-पुडीला ऊब सोसत नाही.

छोटा हत्ती २००५ ला आला तेव्हा ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि ७५० किलोची क्षमता. हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच. पाटे ७५० किलोसाठी बसवलेत, म्हणजे तुम्ही त्यात फक्त १०० किलोचं सामान टाकलंत तर ते उडणारच. मिक्सर आणि हार्मोनियम रिकाम्या हत्तीतून नेऊन ‘सूर हलला’ म्हणू नये. स्वर पट्ट्यांवर जो दणका बसतो तो या ताठ पाट्यांचा. अशा वस्तू ठेवायच्याच झाल्या तर केबिनच्या भिंतीलगत, मागच्या आसाच्या पुढं. आसाच्या मागं जे असतं ते सगळ्यात जास्त उसळतं.

ओम्नी मात्र लगेच भंगारात घालू नका. पंधरा वर्षं झाली की गाडी संपली, ही समजूत दिल्लीच्या नियमावरून पसरलेली आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते, हरित कर आणि शुल्क भरून. जर्मनीत तर वयाची मर्यादाच नाही : नवी गाडी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी तपासणी, पास झाली तर चालवा, तीस वर्षांनंतर चांगल्या स्थितीतल्या गाडीला जुन्या वाहनाची खास पाटीसुद्धा मिळते. फरक एवढाच की इथली तपासणी खाली वाकून होते. ओम्नीत तसं वाकून बघायचं ते फरशीच्या मॅटखालचा गंज, मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटे गाडीला जोडणाऱ्या कड्या) आणि सरकत्या दाराचा रोलर.

दुसरी काळजी पेट्रोलची. वीस टक्के इथेनॉलवर कोल्हापुरात वाद घालणं म्हणजे मजाच, कारण आपल्याच शिवारातला ऊस टाकीत परत येतोय. साधं गणित असं : इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं लिटरमागं सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून वीस टक्क्यांना मायलेज सहा-सात टक्के घटणं अपेक्षित आहे. त्याहून जास्त घटत असेल तर ब्रेक, हवा आणि एअर फिल्टर बघा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं, रबरी नळ्या फुगतात किंवा चिरतात आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या बदलून घ्या आणि दोन टाक्या संपल्यावर फिल्टर बदला. जर्मनीत २०११ ला दहा टक्क्यांचं आलं तेव्हा इथंही असाच गलका झाला, पण शेजारच्या नळीत पाच टक्क्यांचं ठेवलेलं आहे. ज्याला नको तो ते भरतो. आपल्याकडं ती दुसरी नळी हवी होती, एवढी तक्रार रास्त आहे.

जर्मनीतून खरंच उचलावं असं काही असेल तर ते सामान बांधणं. इथला नियम थोडक्यात असा : जोरात ब्रेक मारला किंवा अचानक वळवलं तरी सामान हलता कामा नये. हिशेबासाठी पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागं ०.५ पट जोर धरतात. आता २०० किलोचे बेस घ्या. लोखंडी हौद्यात घर्षण ०.३ धरलं तर ते जागेवर रोखायला वरून ३३० किलोच्या वर दाब लागतो. खाली चांगलं रबर घातलं आणि घर्षण ०.६ झालं तर तोच दाब ६७ किलोवर येतो, म्हणजे पाचवा हिस्सा. इथं त्यासाठी खास चटया मिळतात. कोल्हापुरात त्या शोधत बसायची गरज नाही; गोठ्यात म्हशीखाली घालतात ती जाड रबरी मॅट हत्तीच्या हौद्याला जवळजवळ मापातच बसते. छापील आकडा मिळणार नाही, पण धूळ आणि पाणी पुसलेलं असेल तर उघड्या पत्र्यापेक्षा कितीतरी बरी. धूळ राहिली तर मात्र काही उपयोग नाही.

नायलॉनची दोरी यासाठी वाईट, कारण ती ताणते, आणि भिजली की आणखी. दाजीपूरकडच्या पावसात बांधलेली गाठ राधानगरीपर्यंत सैल पडते. पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा घ्या. त्याच्या निळ्या पाटीवर दोन आकडे असतात : एलसी म्हणजे पट्टा किती ओढ सोसतो, आणि एसटीएफ म्हणजे हातानं रॅचेट ओढल्यावर प्रत्यक्षात किती ताण बसतो. वरून दाबून बांधताना दुसरा आकडा कामाचा, आणि दुकानदार नेहमी पहिला दाखवतो. पट्ट्याला गाठ मारू नये, ताकद निम्म्यावर येते. काठ दहा टक्क्यांहून जास्त कापला गेला असेल तर टाकून द्यावा. प्लॅस्टिकच्या स्पीकरवर थेट आवळू नका, खोकं चेपतं. मधे जुनी गोधडी घाला.

भरायचा क्रम : सगळ्यात जड ते केबिनच्या भिंतीला टेकवून, खाली. ॲम्प्लिफायरचा रॅक आधी, मग बेस, मग टॉप, तोंडाला तोंड लावून. फट राहिली की सामानाला वेग घ्यायला जागा मिळते, म्हणून केबलच्या पिशव्या आणि स्टँड फटीत कोंबायचे. ढोल शेवटी, उभे, पान पानाला न लागेल असे. फाळका हा आधार नव्हे. त्याच्या कड्या बाहेर पडू न देण्यासाठी आहेत, ओझं पेलण्यासाठी नाहीत. ईकोत कड्या बसवायच्या तर उद्यमनगरात पत्र्याला वेल्डिंग करून घेऊ नका. पातळ पत्रा जळतो, तिथूनच गंजतो, आणि गाडीतल्या बदलाचा प्रश्न वेगळाच. बहुतेक गाड्यांत सीटबेल्टचे बोल्ट सात-सोळांश इंची बारीक आट्यांचे असतात. त्या मापाचा डोळ्याचा बोल्ट जिथं बेल्ट वापरात नाही अशा जागी बसतो, आणि तो सांगाड्याच्या मजबूत जागेत असतो.

आणि हौद्यात बेसवर पोरं बसवणं बंद करा. पन्नासच्या वेगानं जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीस पट जोर येतो. सात किलोचा स्टँड म्हणजे १४० किलो. मालगाडीत माणसं नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न तिथंच विचारला जातो.

निघताना मागच्या चाकांत भरलेल्या गाडीसाठीची हवा मारा, तिचा आकडा दारालगतच्या स्टिकरवर वेगळा लिहिलेला असतो. ईको किंवा मोटार मागून दबली की पुढचा दिवा वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात पडतो. स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं छोटं चाक असेल तर ते फिरवा. ते चाक कशासाठी आहे हे इथं परवान्याच्या परीक्षेत विचारतात. पट्टे पहिल्या काही किलोमीटरांत बसतात आणि थोडे सैल होतात, तेव्हा पुण्याकडं निघाला असाल तर किणी टोल ओलांडल्यावर गाडी बाजूला घेऊन एकदा प्रत्येक रॅचेट ओढून बघा.