एक बल्ब, तीन फेऱ्या

टेबलावरच्या दिव्याचा बल्ब उडणे ही काही लेख लिहावा अशी घटना नव्हे. परंतु नवा बल्ब आणण्यासाठी मला दुकानाच्या तीन फेऱ्या माराव्या लागल्या आणि नाइलाजाने ती तशी झाली.

पहिल्या फेरीत बल्ब मिळाला. त्याच्यासोबत झाकणाचा एक डबा, दोन पायपुसणी आणि कशासाठी घेतला हे अद्याप न उमगलेला एक चिमटा असा ऐवजही घरी आला. बल्ब मात्र आट्यांचा निघाला आणि आमचा होल्डर पिनांचा. या दोन जातींत तोंडाचा फरक २७ आणि २२ मिलिमीटर इतकाच असतो. तो खोक्यावर छापलेलाही असतो, पण इतक्या बारीक अक्षरांत की ती वाचायला आधी चांगला उजेड हवा, आणि मी तर उजेडाच्याच शोधात निघालो होतो.

दुसऱ्या फेरीत तीन रांगा होत्या. हिशेब सोपा आहे : तीन रांगांपैकी आपली सर्वांत आधी सरकण्याची शक्यता तीनांत एक, म्हणजे बहुतेक वेळा शेजारचीच पुढे जाणार. रांगांच्या गणिताचा पाया एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये घातला खरा, परंतु तो टेलिफोनच्या संदर्भात. आपली भरलेली ढकलगाडी रांगेत उभी करून 'एकच वस्तू राहिली' म्हणत अंतर्धान पावणारे गृहस्थ त्याच्या समीकरणात नसावेत. यथावकाश माझा नंबर लागला. आट्यांचा बल्ब मी परत केला आणि पिनांचा मागितला. काउंटरवरच्या ताईंनी संगणकात पाहिले आणि म्हणाल्या, "संपलाय. दोन दिवसांनी या."

मला झोंबले ते 'संपलाय' नव्हे, तर 'संगणकात पाहिले' हे. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, च्युइंगमच्या एका पाकिटावर. तेव्हापासून संगणकाला एकेका नगाचा हिशेब ठेवता येतो. म्हणजे बल्ब संपल्याचे दुकानाला आधीच ठाऊक होते आणि तेवढी एक ओळ ऐकण्यासाठी मी चालत गेलो होतो. हीच ओळ मला घरबसल्या दिसली असती, शेजारी 'आट्यांचा की पिनांचा' असा प्रश्न असता आणि बोटाच्या एका टिचकीने माझ्या नावाचा बल्ब बाजूला ठेवला गेला असता, तर दुकानाचे काय बिघडले असते? घरपोच आणून द्या असेही मी म्हणत नाही. पाय माझे वापरा, फक्त फुकट वापरू नका.

यावर दुकानदारांचा युक्तिवाद असा की, गिऱ्हाईक आत फिरले की चार वस्तू जास्त घेते. चिमट्याच्या साक्षीने मला हे मान्य करावे लागते. पण पूर्वी किराण्याची यादी काउंटरवर द्यायची आणि वस्तू नोकराने काढून आणायच्या, अशीच रीत होती. १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये स्वयंसेवेचे दुकान काढले आणि नोकराची पायपीट गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडली. यादी देण्याची ती सुखद पद्धत परत आली ती १९८४ मध्ये, इंग्लंडमधल्या गेट्सहेडला : बहात्तर वर्षांच्या जेन स्नोबॉल यांनी घरच्या टीव्हीवर रिमोटने सामान निवडले आणि ते दुकानातून घरी आले. त्यांना जे तेव्हा जमले, ते माझ्या दुकानाला अजून जमत नाही. संगणकातला आकडा आणि फळीवरचा माल यांचा मेळ रोज बसवावा लागतो, हे काम किचकट आहे, हेही खरे. पण तो न बसल्याचा भुर्दंड आज माझ्या चपला भरतात.

तिसऱ्या फेरीतही पिनांचा बल्ब आलेला नव्हता. तेव्हा मी बाणेदारपणे ठरवले की आता होल्डरच बदलायचा, आणि आट्यांचा नवा होल्डर घेऊन विजयी मुद्रेने घरी निघालो. आट्यांचा बल्ब आपण परवाच परत करून आलो आहोत, हे मला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आठवले.